वाकड्या बोटाची गिटार

सासऱ्यांची गिटार गुण्याने रंधा मारून सपाट केली, आणि एवढ्यावर न थांबता वर पॉलिशही चढवलं.

त्याच्या बाजूने बोलायचं तर त्याने हे निव्वळ प्रेमापोटी केलं. रागाने काही करायला निघालेल्या माणसाला चार जण आवरतात, प्रेमाने निघालेल्याला कोण आवरणार? गुण्या फर्निचर करणारा सुतार. गुण्या हे काही त्याचं कागदोपत्री नाव नव्हे. काटकोन तपासायच्या लोखंडी हत्याराला गुण्या म्हणतात; ते याच्या मागच्या खिशात कायम, आणि कुणाच्याही घरी गेला की चहा यायच्या आत टेबलाच्या कोपऱ्याला लावून बघायची खोड. म्हणून कारखान्यातल्यांनी हे नाव ठेवलं आणि बायकोने ते घरात आणलं. सासरी पहिल्यांदा जेवायला गेला तेव्हा तर तो ताटावरून उठून थेट टेबलाखाली शिरला होता.

“काही पडलं का तुमचं?” सासूबाईंनी वाकून विचारलं.

“नाही आई, टेबल डुलतंय.”

“ते आमच्या लग्नापासून डुलतंय. आम्ही कधी तक्रार केली का?”

अशा माणसाच्या हाती सासऱ्यांनी आपली जुनी इलेक्ट्रिक गिटार दिली. काम साधं होतं. गिटारीच्या लांब मानेवर एक लाकडी पट्टी असते, तिला फ्रेटबोर्ड म्हणतात, आणि तिच्यात धातूच्या आडव्या बारीक पट्ट्या ठोकलेल्या असतात, ते फ्रेट. बोटाने तार दाबली की ती फ्रेटला टेकते आणि सूर बदलतो. सासऱ्यांचे फ्रेट वाजवून वाजवून झिजले होते.

“जावईबापू, जुने काढा, नवे बसवा. फ्रेटची तार मी आणून ठेवलीय,” सासरे म्हणाले. “तुमच्या हाताला सफाई आहे, म्हणून म्हटलं.”

सफाई आहे म्हटल्यावर गुण्याच्या अंगात आलं. त्याने पक्कडीने जुने फ्रेट उपटले, पट्टी पुसली आणि सवयीने तिच्यावर लोखंडी फूटपट्टी आडवी ठेवली. फूटपट्टी डुलली. या बाजूला दाबली की त्या बाजूने वर, त्या बाजूला दाबली की या बाजूने. पट्टी मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरती होती, पालथ्या पन्हाळीसारखी. सुताराला फुगलेलं लाकूड दिसणं म्हणजे डॉक्टरला जिन्यात खोकणारा माणूस भेटणं. इतक्या वर्षांचा घाम आणि ओल खाऊन पट्टी फुगलीय, असं निदान त्याने जागच्या जागी केलं. नव्या फ्रेटची तारसुद्धा किंचित कमानदार निघाली. “दुकानदाराने बाबांच्या गळ्यात वाकडा माल मारला,” असं म्हणत त्याने ती शिकंज्यात धरून सरळ केली. मग रंधा, मग पॉलिशपेपर, मग फ्रेट, मग तेल. रविवार सगळा त्यात गेला, पण पट्टी अशी झाली की वर गोटी ठेवावी आणि तिने हलू नये.

सासऱ्यांनी गिटार हातात घेतली. पट्टीवरून आडवा अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. आणि म्हणाले, “वा. फार मेहनत घेतलीत हो. आभारी आहे.”

गुण्या घरी येईपर्यंत शिट्टी वाजवत होता.

आता हे सासरे कोण, ते सांगायला हवं. उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करत, तिच्या विहिरीत काढला. विहीर म्हणजे इमारतीच्या पोटातली ती उभी पोकळी, जिच्यातून लिफ्ट वरखाली करते. “लोक इमारत तोंडावरून ओळखतात, मी आतड्यांवरून,” असं ते म्हणत. निवृत्त होऊनही खोड गेली नव्हती. कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले की तळहात भिंतीला लावायचे, डोळे मिटायचे, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत तिची तब्येत सांगून मोकळे व्हायचे. बरोबरचे लोक जरा सरकून उभे राहत.

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या शिव्या त्यांनी आयुष्यभर खाल्ल्या. दार उघडेपर्यंत आतला माणूस यांच्या सात पिढ्या उद्धरतो आणि दार उघडलं की जो सुटतो तो वळूनही बघत नाही. त्याचा यांना राग नव्हता. “सुटल्यावर पळायचंच असतं. थांबून आभार मानत बसला तर तो अडकलाच नव्हता म्हणायचं,” ते हसून सांगत. पण बहुधा त्याचीच भरपाई म्हणून ते स्वतः मात्र येताजाता सगळ्यांचे आभार मानत. भाजी तोलणाऱ्याचे, रस्त्यात वाट देणाऱ्याचे, चुकीचा नंबर लागलेल्याचेसुद्धा.

एकदा दोर आणि कप्पी यांच्या मध्ये त्यांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट सापडलं. बोट वाचलं, पण सांधे जाम झाले, आणि ते कायमचं कमानीसारखं वाकलेलं राहिलं. “सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात. माझी ती अडचण मिटली,” हा त्यांचा ठरलेला विनोद. एवढंच गुण्याला माहीत होतं. सासऱ्यांचं बोट वाकडं आहे हे त्याला सासूबाईंचा आवाज मोठा आहे तितकंच माहीत होतं. त्यामागे काही असेल असं मनात आलं नव्हतं.

ते कळलं शनिवारी.

दर शनिवारी दुपारी गावातल्या हॉलमध्ये वयस्कर मंडळींचा नाच असे. लाकडी जमीन, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाची मोठी किटली आणि समोर हातभर उंचीचं स्टेज. बँड चौघांचा. ड्रमवर एक निवृत्त हेडनर्स होती, तिला सगळे मेट्रन म्हणत, आणि ती गाणी अशी मोजून घ्यायची की जणू प्रत्येकाला वेळेवर गोळी द्यायचीय. कीबोर्डवर आणि बेसवर दोघे भाऊ, ते एकमेकांशी बोलत नसत. आणि गिटारीवर ताल धरायला सासरे. सासूबाई दर शनिवारी नटूनथटून जात, पण नवरा स्टेजवर, म्हणून त्या शेजारणीबरोबर नाचत.

त्या शनिवारी गुण्या मुद्दाम गेला. आपल्या हातचं काम वाजताना ऐकावं, ही इच्छा काही वाईट नाही.

पहिलं गाणं सुरू झालं आणि त्याला वाटलं ॲम्प्लिफायर बिघडलाय. कॉर्डमधले, म्हणजे सगळ्या तारांवर एकदम वाजणाऱ्या सुरांमधले, मधलेच सूर गळत होते. वरून चिरचिर, खालून घुमघुम, आणि मध्ये नुसतं थप, थप. सासऱ्यांच्या कपाळावरची शीर दिसत होती. दुसऱ्या गाण्यात ते दोनदा चुकले. मेट्रनने काठ्या न थांबवता मान वळवून पाहिलं.

“बाबांना काय झालंय?” गुण्याने बायकोच्या कानात विचारलं.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. “तू खरंच विचारतोयस?”

“म्हणजे काय?”

“अरे, त्यांचं बोट सरळ होतं का? आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या असतात. सरळ पट्टीवर वाकडं बोट ठेवलं की टोक टेकतं, बूड टेकतं, आणि मधल्या तारा पुलाखालून पाणी जावं तशा मोकळ्या. ती पट्टी गोल होती म्हणून तर बोट तिच्यावर बसायचं!”

गुण्याला तोंडात मारल्यासारखं झालं.

मग तिने सगळं सांगितलं. बोट वाकडं झाल्यावर बाबांचं वाजवणंच बंद पडलं होतं. मग ते रोज कामावरून येताना गिटारींच्या दुकानात शिरायचे, एकेक गिटार काढायचे, बोट टाकायचे, परत ठेवायचे. तेव्हा सपाट पट्टीची चलती होती. शेवटी कोपऱ्यात एक जुनी, कुणी न विचारलेली, गोल पट्टीची सापडली. बोट टाकलं आणि ते असं बसलं जसं झाकण डब्यावर. “आई म्हणते ते दुकानात रडले. ते म्हणतात धूळ होती.”

“मग त्यांनी मला सांगितलं का नाही? उलट आभार मानले!”

“ते तुला सांगणार नाहीत. कधीच. मलाही बजावलं होतं.”

गुण्याच्या पहिल्या मालकाने एकदा चुकीच्या ठिकाणी भोक पाडल्याबद्दल त्याला लाकडी हातोडा फेकून मारला होता. ते सोपं होतं. हातोडा चुकवता येतो.

तिसऱ्या गाण्यानंतर सासरे मनगट चोळत उठले, “आज जरा लचकलंय,” म्हणाले आणि स्टेजवरून उतरले. सासूबाईंनी शेजारणीचा हात तिथल्या तिथे सोडला. उरलेला सगळा वेळ ते दोघं नाचले. सासरे वाईट नाचत, पण आभार मानल्यासारखे नाचत.

चहाच्या वेळी मेट्रन किटलीपाशी आली. “पुढच्या शनिवारनंतर हॉल दुरुस्तीला बंद होतोय,” ती सासऱ्यांना म्हणाली. “उघडल्यावर कोण वाजवणार ते हॉलची कमिटी पुढच्या शनिवारी ऐकून ठरवणार आहे. एक नवा मुलगा विचारून गेलाय. मी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. मनगट बरं करून या.”

“येतो की,” सासरे म्हणाले. “आठवण केलीत, आभारी आहे.”

या वयात या बोटाला दुसरा बँड कुठला मिळणार? सासऱ्यांची जागा गेली तर ती आपल्या रंध्याने गेली, हे गुण्याला त्या चहाच्या घोटाबरोबर कळलं. चहा गिळला गेला, ते नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो सासरी हजर. सासरे गिटार मांडीवर घेऊन बसले होते.

“बाबा, मी तुमची गिटार मारून टाकली.”

“छे हो. बसा. चहा?”

“तुम्ही ओरडा तरी माझ्यावर!”

“कशाला? तुम्ही माझ्यासाठी अख्खा रविवार घालवलात. त्याचे आभार मानले, ते खोटे नव्हते. गिटार बिघडली ही वेगळी गोष्ट. दोन्हींची सरमिसळ करू नये.” मग त्यांचे डोळे लकाकले. “आणि ते राहू दे. हे ऐका आधी.”

त्यांनी गिटारीच्या पोटाजवळ, अगदी वरच्या सुरांपाशी तार दाबली आणि बोटाने बाजूला ओढत नेली. सूर चढत गेला, चढत गेला आणि शेवटी असा लांब कळवळला की आतून सासूबाई म्हणाल्या, “कोण आलंय?”

“हा सूर माझ्या गिटारीत नव्हता,” सासरे म्हणाले. “ते संथ गाणं आहे ना आमचं शेवटचं, त्यात हा लागतो. गोल पट्टीवर तार ओढली की ती टेकडीच्या माथ्याकडे चढते, पुढच्या फ्रेटला घासते आणि गुदमरते. तारा उंच ठेवाव्यात तर दाबताना बोट दुखतं. इतकी वर्षं मी तिथे पोचायच्या आधीच थांबतो आणि मेट्रन झांज मारून माझी अब्रू राखते. सपाट पट्टीवर तो लागला. पहिल्यांदा. तुमच्यामुळे.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गोल करावी तर हा सूर जाणार, सपाट ठेवावी तर बाकीचं सगळं. गुण्याने सासऱ्यांना उठवलं आणि दोघे गिटार घेऊन दुकानात गेले.

दुकानदाराने पट्टी पाहिली आणि गुण्याकडे पोस्टमॉर्टेम करणाऱ्याच्या नजरेने पाहिलं. पण माणूस भला होता. त्याने गोलाई मोजायचे पत्र्याचे साचे काढून समजावलं. प्रत्येक गोल पट्टी ही कुठल्यातरी वर्तुळाची कड असते. वर्तुळ लहान तर गोलाई जास्त. मोठं तर पट्टी सपाटीकडे झुकते. जुन्या गिटारींची त्रिज्या सव्वासात इंच, कॉर्ड धरायला मऊ. सोळा इंचांची पट्टी जवळजवळ सपाट, तार ओढायला मोकळी.

“आणि दोन्ही हवं असेल तर?” गुण्याने विचारलं.

“तर डोक्याकडे लहान वर्तुळ, पोटाकडे जाता जाता मोठं होत जाणारं. कॉर्ड डोक्याकडे धरतात, सूर पोटाकडे ओढतात. अशा पट्ट्या असतात. पण हिच्यात आता लाकूडच उरलेलं नाही. गोल करायला कडा तासाव्या लागणार, कडा आधीच पातळ. तासाल तर फ्रेट बसायला जागा राहणार नाही.”

लाकूड कमी आहे, या वाक्यावर मात्र गुण्याचा जीव भांड्यात पडला. गिटार त्याला कळत नव्हती, पण लाकूड कमी पडलं तर काय करायचं, हे तो रोज पोटासाठी करत होता. कमी पडलं तर खालून भर घालायची.

आठवडाभर कारखान्यातून सुटला की तो सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात. फ्रेट पुन्हा उपटले. सासूबाईंची इस्त्री पट्टीवर फिरवून खालचा सरस मऊ केला, आणि पातळ सुरी सरकवत पट्टी मानेपासून अख्खी सोडवली. इस्त्रीला लागलेले डाग बघून सासूबाई म्हणाल्या, “आता माझ्या साड्या गिटारीसारख्या वाजतील.” मान आणि पट्टीच्या मध्ये त्याने शिसवीचा एक पातळ पापुद्रा चिकटवला, जाडी परत आणली, पट्टी वर बसवून शिकंज्यांनी आवळली. सरस सुकेपर्यंत कुणी त्या ओट्याला हात लावायचा नाही, असं फर्मान. दोन दिवस घरात पावावर भागलं.

मग गोलाई. सव्वासातचा साचा दुकानदाराने दिला होता, पण या वेळी गुण्या शहाणा झाला होता. फूटपट्टी, साचा, काही त्याने मानलं नाही.

“बाबा, बोट टाका.”

सासऱ्यांनी बोट आडवं टाकलं. गुण्याने डोळा पट्टीच्या पातळीला आणून, मागे खिडकी ठेवून, बोटाखालून उजेड येतो का ते पाहिलं. मध्ये फट होती. दोन्ही कडा पॉलिशपेपरने जरा उतरवल्या. “टाका.” पुन्हा फट, बारीक. “टाका.” जगात गिटारी बोटांसाठी बनतात, पण एका बोटाला लिफ्टची कप्पी जे वळण देऊन गेली होती, तेच वळण लाकडाला देणारा गुण्या बहुधा एकटाच असावा. उजेड बंद झाला तेव्हा त्याने साचा लावून पाहिला. सव्वासातपेक्षा किंचित जास्तच गोल. तिथून खाली मात्र तो गोलाई सोडत सोडत गेला, आणि पोटाशी आपली सपाटी जवळजवळ तशीच राखली. रंध्याने मिळवलेली ती एकच गोष्ट होती, ती तो का घालवेल? खाचा बारीक करवतीने खोल केल्या आणि फ्रेटची तार या वेळी मुद्दाम कमानदार करून बसवली.

“दुकानदाराने वाकडा माल दिला नव्हता तर,” सासरे म्हणाले.

“बाबा, मारा ना एक.”

शनिवारी हॉलमध्ये कमिटीचे तिघे पुढच्या खुर्च्यांवर. सासऱ्यांनी पहिली कॉर्ड धरली. गुण्याने श्वास धरला. सहाही तारा एका तोंडाने बोलल्या. मेट्रनची मान वळली नाही, आणि तिच्या बाबतीत तीच दाद होती. गाण्यामागून गाणी गेली. भरलेल्या, गुबगुबीत कॉर्ड, नाचणाऱ्यांच्या टाचांखाली गादी घातल्यासारख्या.

शेवटी ते संथ गाणं आलं. सासऱ्यांनी हात पोटाकडे नेला, तार ओढली, सूर वर निघाला, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने मेट्रनने धाडकन झांज हाणली. सूर त्याखाली गडप. सासऱ्यांनी मागे वळून असं पाहिलं की गाणं पुन्हा त्या जागी येईपर्यंत मेट्रनने दोन्ही काठ्या छातीशी धरून ठेवल्या. या वेळी सूर चढला, थांबला, कळवळला, आणि नाचणाऱ्या जोड्यांतल्या दोन-तीन तर पाय टाकायचं विसरल्या.

कमिटीतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, “त्या नव्या मुलाला कळवून टाकू.”

सासरे स्टेजवरून उतरून आधी गुण्याकडे आले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

“बाबा, आता आभार मानलेत तर मी उठून जाईन,” गुण्या म्हणाला. “या वेळी माझी पाळी आहे.” आणि पुढचं बोलण्याऐवजी तो त्यांच्या पायांशी वाकला. हातोडा न फेकल्याबद्दल, रविवारचा मान ठेवल्याबद्दल, बोटाखालच्या उजेडाबद्दल. सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि लिफ्टची तब्येत बघतात तशी त्याची पाहिली.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “चालू आहे.”

तेवढ्यात सासूबाई आल्या. रागावल्या की त्या जावयाला फार आदराने बोलत.

“अहो जावईबापू, एक विचारू? मागच्या शनिवारी तुमच्या कृपेने मला माझा नवरा नाचायला मिळाला. लग्नानंतर पहिल्यांदा. आज तुमच्याच कृपेने तो परत वर जाऊन बसला. आता माझा नाच मी कुणाकडे मागायचा?”

“आई, मला नाचता येत नाही हो.”

“रंधा मारता येतो ना? मागे-पुढे, मागे-पुढे. तेवढंच असतं.”

“पुढच्या शनिवारी नक्की.”

“पुढच्या शनिवारी हॉल बंद आहे, म्हणूनच नक्की म्हणताय.”

हॉल उघडून आता बरेच शनिवार झाले. सासरे आपल्या जागेवर बसतात. संथ गाणं सुरू झालं की गुण्याचा बूट चावायला लागतो आणि तो लंगडत चहाच्या किटलीकडे निघतो. सासूबाई शेजारणीच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघतात आणि मान डोलावतात, म्हणजे असू दे, एक राहिलाय, मी विसरलेली नाही.